अंगाला लागणं

माझी आई दर रविवारी भांडुपहून डबा घेऊन हॉस्टेलवर यायची आणि आल्या आल्या माझं मनगट चाचपून म्हणायची, "सुगंधा, खातंस ता जाता खंय गो? अंगाक कायच लागणा नाय!" मी हसायचे. बोरिवलीच्या आमच्या शारीरिक शिक्षण कॉलेजात माझ्याइतकी हावरट मुलगी दुसरी नव्हती, हे तिला कुठे माहीत होतं!

खरं तर त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याऐंशी साली, मी दोघींचं जेवत होते. माझी रूममेट मार्सेलिना मरोळच्या गावठाणातली, जिम्नॅस्टिक्समध्ये एकदम झकास. विद्यापीठाच्या संघात जायचं, एवढंच तिच्या डोक्यात असायचं. पण एक दिवस जिम्नॅस्टिक्सचे सर सगळ्यांदेखत म्हणाले, "हे दोन किलो उतरव, मग निवडीचं बघू," आणि त्या रात्रीपासून तिच्या पोळ्या माझ्या ताटात येऊ लागल्या. मी मुकाट खात गेले. लाज वाटते आता सांगायला.

शनिवारी वजनं झाली. तिचं किलोभर वाढलेलं, माझं किलोभर उतरलेलं. काटा बिघडलाय म्हणत आम्ही स्टेशनवरच्या वजनाच्या यंत्रावर चढलो, तर तिथल्या तिकिटांवरही तेच छापून आलं. पुढच्या शनिवारी पुन्हा तसंच.

"चोरून खातेस ना?" मी चिडवलं.

"येशूची शप्पथ गं, पाण्याशिवाय काही नाही," म्हणत ती ढसाढसा रडली. मी पाळत ठेवली. खोटं बोलत नव्हती ती. तिचे गाल मात्र भरत चालले होते, आणि माझं घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत सरकत होतं.

निवड सोमवारी होती. आदल्या गुरुवारी तिने माझा हात धरला. "सुगंधा, सोमवारपर्यंत तू जेवू नकोस ना यार. एवढंच कर माझ्यासाठी."

"वेड लागलंय का तुला?" मी ओरडले, पण तिचे डोळे बघून घाबरले, आणि हो म्हणाले. तीन दिवस मेसकडे फिरकले नाही. रविवारी सकाळी काट्यावरून उतरताना मार्सेलिना कितीतरी दिवसांनी हसली. अर्धाच किलो राहिला होता.

दुपारी आई आली. मला बघून तिचा चेहराच पडला. "गे बाय माझे, ही काय दशा!" डबा उघडला. कोंबडीचा रस्सा आणि वडे. भूक नाही म्हटलं, तर रडवेली होऊन तिने वडा रश्श्यात बुडवून माझ्या तोंडाशी धरला. समोरच्या खाटेवरून मार्सेलिना हळूच मान हलवत होती, नको, नको. तिचं सगळं माझ्या त्या एका घासावर अडलंय, हे मला कळत होतं हो! पण तो वास... मी तोंड उघडलं. मग दुसरा घास, तिसरा, मग भान राहिलं नाही.

"तुज्या मैतरणीच्या बघ अंगाक कसा लागता," आई कौतुकाने म्हणाली.

मार्सेलिना खाटेवरून उठलीही नव्हती. तिने फक्त रुमाल काढून ओठ पुसले. पांढऱ्या रुमालावर रश्श्याचा तांबडा डाग उमटला.