गौसभाईंचा ढूम

शाइस्तानं इअरफोनचं एक टोक बापाच्या कानात खुपसलं आणि म्हणाली, "अब्बा, ये तो तुमाराच है."

भाकरी मोडता मोडता गौस थांबला. गाणं इंग्रजी, लगबगीनं पळणारं. पण खालचा ढूम त्याचा होता. गोल, पोटात शिरणारा, सुरुवातीला लाकडावर टिचकी मारल्यागत. बँडमध्ये कीबोर्ड वाजवताना सोलापुरातल्या वरातींच्या गाण्यांखाली तो वर्षानुवर्षं हाच घालत आला होता. नावच पडलं होतं, गौसभाईंचा ढूम.

या गाणंवाल्यांनी चोरला की काय, असं त्याच्या तोंडून निघून गेलं आणि पोरगी खो खो हसली. गाणं तिच्या जन्माआधीचं, गौसनं कीबोर्डला हात लावला त्याच्याही आधीचं होतं. लंडनमधल्या या प्रकाराला गॅरेज म्हणतात, असं तिनं सांगितल्यावर गौसला आधी पंक्चरवाला आठवला. तिनं आणखी गाणी लावली. गाणारे वेगळे, ढूम तोच. एका जुन्या कीबोर्डात कंपनीनंच भरून दिलेला ऑर्गनचा आवाज, ती म्हणाली. तिकडच्या पोरांनी तो खालच्या पट्टीत वाजवला, एकाचं ऐकून दुसऱ्यानं उचलला आणि तो सगळ्यांचाच झाला.

गौसनं हातातली भाकरी ताटात ठेवली. बँडमालकानं आणलेला तसलाच जुना कीबोर्ड, त्यात आधीच असलेला आवाज. यानं बटण दाबलं होतं, बस्स. ठाऊक नव्हतं असंही नाही. लोक नाव देत गेले, यानं घेतलं.

आणि याच ढूमासाठी गेल्या आठवड्यात त्यानं भर मांडवात कुंभारी गावच्या मल्लप्पाच्या कानफटात मारली होती. नवा साउंडवाला, त्याच्या गाण्याखाली तोच आवाज. "दुसऱ्याचं खाऊन ढेकर देतो व्हय रे?" समोर मल्लप्पाची होणारी सासुरवाडी बसलेली. तो गाल धरून एवढंच म्हणाला होता, "चुकलं, मामा."

दुसऱ्या दिवशी गौसनं गाडी काढली आणि कुंभारी गाठली. मल्लप्पा एका हळदीत वाजवत होता. स्पीकरचे मोठमोठे बॉक्स होते, गाणं चालू होतं, पण पोरं नुसतीच उभी. गौसला लगेच कळलं. गाण्याला पोटच नव्हतं.

"ढूम कुटं हाय रे?"

"काढला की, मामा. तुमचा हुता न्हवं."

गौसनं खाली बघितलं. मग एका दमात सांगून टाकलं, "माजा न्हाय त्यो. मशिनीतच हुता. मी बटन दाबलं. लंडनची लोकं माज्या आदीपासनं वाजवत्यात. मारलं ती माजी चूक."

मल्लप्पा हसला. मग वाकून पाया पडला. "मारलं तर मारलं, वर माजी इज्जत ठिवायला इतकं खोटं बोलताय. लई मोठं मन हाय मामा तुमचं."

"आरं, खरंच सांगतोय..."

पण त्यानं माइक उचलला होता. सोलापूरचे उस्ताद स्वतः आलेत, आता वाजणार गौसभाईंचा ढूम, त्यांच्याच परवानगीनं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी गौसच्या कपाळाला हळद लावली.

ढूम सुटला. मांडवाचे बांबू थरथरले, पोरं उड्या मारायला लागली. गौस बॉक्सच्या मागं सरकला. पाठ फळीला टेकली होती आणि प्रत्येक ढूम त्याच्या बरगड्यांत वाजत होता. रुमाल काढून तो कपाळावरची हळद पुसत राहिला.