साबणाचा वास

किल्लीवाला सगळ्यांची कुलपं उघडायचा, पण त्याच्या स्वतःच्या तोंडाला कायमचं कुलूप. बायको वारल्यापासून तर दिवसाकाठी चार शब्द बोलला तरी पुष्कळ. लेक पंधरा वर्षांची घोडी झाली, तरी त्याच्या लेखी अजून छकुलीच. ती शाळेतून आली की तिला दुकानात बसवून तो हत्यारांची पिशवी उचलायचा आणि कुणाचं तरी अडलेलं दार उघडायला जायचा. दिवेलागणीला ती दुकान बंद करून वरच्या खोलीत जायची आणि बाबा येईपर्यंत एकटीच असायची. खोलीची किल्ली लाल दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात असे.

दुकानात भिंतभर कोऱ्या किल्ल्या आणि बोलायला चिटपाखरू नाही. अशात चष्मेवाले काका यायला लागले. आधी कपाटाची किल्ली करायला आले, मग नुसतेच. स्टुलावर टेकायचे आणि पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलीस का गं?"

एवढंच. पण आई गेल्यापासून हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. छकुली त्यांची वाट बघायला लागली. बाबा कधी येतात, वर कोण असतं, हेही ते विचारायचे आणि ती बोलण्याच्या भरात सांगून टाकायची. एकदा म्हणाले, "बघू तुझी किल्ली. जुनी घडण दिसतेय." तिनं काढून दिली. लगेच त्यांना तहान लागली. ती पाणी आणायला आत गेली.

त्या संध्याकाळी किल्ली कुलपात जड फिरली. छकुलीनं सुईनं खाचा कोरल्या, तर पांढरं, बुळबुळीत काहीतरी निघालं. हुंगलं, तर सुगंधी साबण. घरात धुण्याच्या वडीशिवाय दुसरा साबणच नव्हता.

किल्लीवाल्याची लेक ती, तिला काय सांगायचं! साबणात किल्ली दाबली की ठसा उमटतो आणि ठशावरून दुसरी किल्ली होते. असा ठसा घेऊन येणाऱ्याला बाबा दारातूनच हाकलायचे. "ज्याच्याकडे किल्ली नाही, ते घर त्याचं नाही," म्हणायचे.

तरी तिनं मनाची समजूत घालून पाहिली. काका तसे नाहीत. शिवाय सांगितलं, तर उद्यापासून स्टूल रिकामं. तिला खरी भीती त्याचीच वाटत होती. मग तिनं खोलीभर नजर फिरवली. दोन खाटा, एक शेगडी. इथे चोरायला येण्यासारखं होतंच काय? संध्याकाळी इथे असायची ती फक्त ती.

तिनं खाली जाऊन नवं कुलूप आणलं आणि स्वतःच्या हातानं दाराला बसवलं. बाबा आले तेव्हा त्यांची किल्ली लागेना. तिनं दार उघडलं आणि सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाबा नेहमीसारखे पिशवी घेऊन निघाले आणि मागच्या गल्लीतून परत वर आले. दिवेलागणीला जिन्यावर पावलं वाजली. दारात किल्ली शिरली. फिरेना. पुन्हा खटपट. बाबांनी खाडकन दार उघडलं. समोर चष्मेवाले काका, हातात नवीकोरी किल्ली. बाबांनी त्यांची गचांडी धरली, शेजारी धावले, पोलीस त्यांना घेऊन गेले.

सगळे पांगल्यावर छकुली हमसून हमसून रडायला लागली.

"अगं, आता कशाला? सुटलीस ना!" बाबा म्हणाले.

कुणासाठी रडतेय हे ती कुठल्या तोंडानं सांगणार? बाबांनी दार लोटून घेतलं. मग जवळ आले आणि आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले, "जेवलीस का गं?"

छकुली दचकली. तिचा हात आधी गळ्यातल्या किल्लीकडे गेला.