हरिचंदचा ओटा

गोरेगावच्या बाजारगल्लीत सोनाजीचं शिवणकामाचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर. शेजारी हरिचंदचं खताचं दुकान. दोघं एका वर्गात शिकलेले. दोन दुकानांच्या मधून एक उघडी नाली ओढ्याकडं जायची. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात हरिचंदनं ती मुरूम टाकून बुजवली आणि वर सिमेंटचा ओटा बांधला, गोण्या उतरवायला. आधी त्यानं सोनाजीला विचारलं होतं. सोनाजी हो म्हणाला, वर दोन दिवस मशीन बंद ठेवून मुरमाची घमेली उचलू लागला.

"मंग पाणी कुठून जाईन?" त्याच्या बायकोनं, द्वारकाबाईनं विचारलं होतं.

"पाण्याला वाट सांगावी लागत न्हाई," सोनाजी हसला होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी तीनलाच अंधारून आलं. आधी वारा सुटला, मग असा पाऊस लागला की समोरचं दुकान दिसेना. अर्ध्या तासात गल्लीतून लोंढा वाहू लागला. तो ओट्याला धडकला, वळला आणि सोनाजीच्या उंबऱ्यावरून आत आला. मशीनचं पायडल बुडालं. पोळ्यासाठी शिवलेले सदरे द्वारकाबाईनं खुंटीवर चढवले, तोवर मागच्या खोलीत पाणी सासूच्या बाजेला लागलं. रुख्मिणीबाई दोन वर्षांपासून अंथरुणावरच होती.

सोनाजी पहार घेऊन बाहेर आला. ओट्यावर पत्र्याखाली हरिचंद उभा होता, आडोशाला आलेली दहा-बारा माणसंही होती.

"हरिचंद, हातभर ओटा फोडू दे. पाणी निघून जाईन. उद्या मीच बांधून देतो."

"काहून येड्यावानी करून राहिला? फोडला तर लोंढा माझ्या गोदामात शिरन. कालच युरिया उतरला."

"माय आत हाय रे. निदान तिला तुझ्या दुकानात ठिवू दे."

"पाय ठिवायला जागा न्हाई आत. शाळेत ने, तिथं कोरडं हाय."

ओट्यावरची माणसं पावसाकडं बघत राहिली. सोनाजी गुडघाभर पाण्यात नुसता उभा. तेवढ्यात द्वारकाबाई आली. तिनं पहार हिसकली आणि ओट्याच्या कडेवर घाव घातला. सिमेंटचा टवका उडाला. दुसरा घाव घालायला तिनं हात उचलला, तो मनगट धरलं गेलं. धरणारा हरिचंद नव्हता.

"नको," सोनाजी म्हणाला. "शेजार हाय."

तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि पहार पाण्यात सोडून दिली.

दोघांनी बाज उचलली. पुढं तो, मागं ती. म्हातारीच्या अंगावर डोक्यापासून मेणकापड टाकलेलं. शाळेच्या वाटेवर एका टपरीपाशी उभ्या असलेल्या लोकांनी बाज बघून टोप्या काढल्या, हात जोडले. कुणीतरी विचारलं, "कवा झालं?"

मेणकापडाखालून म्हातारी ओरडली, "जित्ती हाय मी!"

कुणी हसलं नाही. कुणी बाजेला हातही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. घरात वीतभर गाळ होता. खुंटीवरचे सदरेही खालून गाळात माखलेले. तलाठी पंचनाम्याला आला, तेव्हा हरिचंद चहाची किटली घेऊन हजर होता.

"पाणी कशानं शिरलं?" तलाठ्यानं विचारलं.

सोनाजीनं हरिचंदकडं पाहिलं. हरिचंद कपात चहा ओतत होता.

"पाऊसच लई झाला, साहेब."

तलाठ्यानं 'अतिवृष्टी' असं लिहिलं. सोनाजीनं सही केली. द्वारकाबाई अंगणात सदरे धूत होती. चहाचा कप तिनं तसाच गाळात ओतला.

"बराबर लिवलं," ती नवऱ्याला म्हणाली. "पाऊसच झाला. हात तर आपलाच व्हता."

पुढच्या दोन्ही पावसाळ्यांत पाणी आलं. गिऱ्हाइकं कापड ठेवायला कचरू लागली. शेवटी सोनाजीनं जागा विकायला काढली. पाण्यात बुडणारी जागा दुसरं कोण घेणार? हरिचंदनंच घेतली. खरेदीखतावर सही करायला सोनाजी तालुक्याला, सेनगावला एकटाच गेला. द्वारकाबाईनं त्याला भाकरी बांधून दिली आणि दार लावून घेतलं.