आजोबांचं पक्कं काम

चाळीस वर्षं लोकांच्या खिडक्या बसवलेल्या माणसाच्या हाताची खाज भाड्याच्या घरात आल्यावर थोडीच जाते! सामान यायच्या आधीच आजोबांनी एकट्याने घराचा ताबा घेतला. खिडक्यांच्या फटी सिलिकॉनने भरल्या, दाराखाली रबर ठोकलं, जिथून म्हणून वारा शिरेल ती जागा बुजवली. "आता मुंगीलासुद्धा बेल वाजवून यावं लागेल," असं ते येईल त्याला सांगत.

थंडी पडली आणि नात खोकायला लागली. सुनेने आइस्क्रीमला बोल लावला, मुलाने शाळेला. आजोबांनी रस्त्यावरच्या धुळीला शिव्या घातल्या आणि आणखी दोन फटी शोधून काढल्या. खोकला वाढला. कपाटामागची भिंत काळी पडली, आणि काही तळलं की धूर तासभर पाहुण्यासारखा बसून राही.

डॉक्टरीणबाईंनी पोरीची छाती तपासली. "घरातली हवा कोंडलीय. धूर, ओल, बुरशी, सगळं हिच्या छातीत जातंय. हवा खेळती करा, नाहीतर काही महिने हिला दुसरीकडे ठेवा."

दुसरीकडे म्हणजे आजोळी, गाडीने अख्ख्या दिवसाच्या अंतरावर. शाळेतून येताना आजोबांचं बोट धरायला दुसरं होतंच कोण?

सुनेने त्याच दिवशी खिडक्या मोकळ्या केल्या, पण स्वयंपाकघराला खिडकीच नव्हती. तिथे पंखा हवा, पंख्याला भोक हवं, आणि घरमालकीणबाई तर साधा खिळा ठोकू देत नसत. सुनेने तीन दिवस आरशासमोर बोलण्याची तालीम केली. आजोबा त्या तीन दिवसांत जेवले कमी आणि बोलले त्याहून कमी.

रविवारी मालकीणबाई आल्या.

"ताई, ओट्यावरच्या भिंतीत एकच भोक पाडू द्या, पंख्यासाठी..."

"पाडायचं कशाला? आहे की! मीच पाडून घेतलंय."

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंत गुळगुळीत. मग सगळ्यांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबा छताकडे बघत होते.

"काम मात्र सुरेख झालंय हं," भिंतीवरून हात फिरवत मालकीणबाई म्हणाल्या. जन्मात पहिल्यांदाच आजोबांना कौतुक झोंबलं.

"बाबा, भोक बुजवलेलं विसरलात होय?" सुनेने विचारलं.

खोटं बोलायची सोय होती. पण आजोबांना ते जमलं नाही. "दवाखान्यातच आठवलं होतं."

"आणि तीन दिवस गप्प बसलात?"

"म्हाताऱ्यानेच पोरीला आजारी पाडलं, असं म्हणाला असतात." स्वतःचं नाक वर ठेवण्यापायी आपण नातीला गावाला धाडायला निघालो होतो, याची त्यांना मनापासून लाज वाटली. सुनेला राग आला होता, आणि तो रास्तच होता. ती आत गेली.

आजोबा हातोडी-छिन्नी घेऊन स्टुलावर चढले. तीन घाव घातले, टवकासुद्धा उडाला नाही.

"आजोबा, एवढं घट्ट कुणी बुजवलं?" खालून नातीने विचारलं.

"मीच गं, बाळा."

"मग तुम्हालाच उघडता येईल," ती म्हणाली आणि खोकत खोकत स्टूल धरून उभी राहिली. सून बाहेर आली, क्षणभर बघत राहिली आणि तिने दुसऱ्या बाजूने स्टूल धरलं.