नॉब कुणी फिरवायचा होता

पाणीपुरवठ्याच्या पंपघरात त्याला सगळे हेड म्हणत. हेड वायरमन या हुद्द्यातला वायरमन कधी गळून पडला ते त्यालाही आठवत नव्हतं. त्याच्या जोडीला बावीस वर्षं एकच माणूस होता, शिट्टी. काम करताना शिट्टी दातांच्या फटीतून सतत काहीतरी वाजवत असे, आणि ते कुठलं गाणं हे आजवर कुणाला ओळखता आलं नव्हतं. "मलाही ठाऊक नाही," तो म्हणायचा. "तोंड माझं असलं तरी वाजतं ते स्वतःच्या मनानं."

दोघांना कामात फारसं बोलावं लागत नसे. हेडनं हात पुढे केला की त्यात पक्कड यायची. हेड वाकला की बॅटरीचा उजेड नेमका हवा तिथं पडायचा. जुन्या पंपघरात मेन स्विच म्हणजे भिंतीवरची काळी लोखंडी पेटी होती आणि तिला हातभर लांब दांडा होता. दांडा खाली ओढायचा, त्याला टाळं घालायचं, किल्ली खिशात टाकायची आणि मगच केबलला हात लावायचा. ज्याच्या खिशात किल्ली, त्याच्याशिवाय तो पंप देवालाही चालू करता येत नसे.

मग नवीन पॅनल आले. राखाडी, गुळगुळीत, कपाटासारखे. दांडा गेला, टाळं लावायचं भोकही गेलं. त्या जागी एक बटण आलं आणि शेजारी एक छोटा काळा नॉब. नॉब डावीकडे असला की पंप जागेवरूनच चालू करता येई, उजवीकडे असला की वरच्या मजल्यावरच्या कंट्रोल रूममधून. दुरुस्तीच्या वेळी बटण दाबून सप्लाय बंद करायचा आणि न चुकता नॉब डावीकडे फिरवायचा, म्हणजे वरून कुणी काही करू शकत नाही. नियमाच्या कागदावर हे काम हेडच्या नावावर होतं. प्रत्यक्षात कधी हा फिरवी, कधी तो. जो पॅनलच्या जवळ असेल तो.

हेडची थोरली लेक वरच्या मजल्यावरच नोकरीला लागली होती, नेटवर्क सांभाळायला. तिच्याकडेही स्विचच होते, पण ते चपटे, पाटीएवढे, पुढच्या बाजूला हिरव्या दिव्यांची रांग असलेले. पहिल्या आठवड्यात शिट्टीनं हेडबरोबर वर जाऊन ते पाहिले आणि विचारलं, "इंजिनीअरबाई, याला तुम्ही स्विच का म्हणता? हे ना काही बंद करतं, ना चालू."

"काका, सगळ्या वायरी इथं येतात. कुठला निरोप कुठल्या वायरीनं कुणाच्या घरी जायचा, ते हा ठरवतो."

"म्हणजे पोस्टमन."

"पोस्टमनच म्हणा."

"आमचा स्विच तोडायच्या कामाचा," हेड म्हणाला, "आणि तुझा जोडायच्या." त्याला हे बोलताना बरं वाटलं होतं. घरी येऊन त्यानं बायकोलाही ते ऐकवलं.

तो दिवस मंगळवार होता. सकाळी साडेदहाला तीन नंबरच्या पंपाच्या केबलचा जॉइंट गरम झाल्याचा वास यायला लागला. हेडनं शटडाऊन घेतला, म्हणजे पंप दुरुस्तीसाठी बंद करायची परवानगी घेतली, आणि बटण दाबलं. त्याच क्षणी त्याचा फोन वाजला. मोठे साहेब होते. इस्पितळाच्या टाकीत पाणी कमी आहे, किती वेळ लागेल, असं विचारत होते. "अर्धा तास धरा साहेब," असं म्हणत हेड फोन कानाला लावून पॅनलपासून बाजूला झाला. शिट्टी तोवर हत्यारांची पिशवी घेऊन केबलच्या खड्ड्याकडे निघालाही होता. दोघांनी टेस्टर लावून पाहिलं. सप्लाय मेलेला होता. हेडनं पॅनलवर 'माणसे काम करत आहेत' ची पाटी अडकवली आणि शिट्टी खड्ड्यात उतरला.

वर कंट्रोल रूममध्ये पाळी बदलली होती. शटडाऊनची चिठ्ठी अजून कुणाच्या तरी टेबलावर होती. नव्या ऑपरेटरला पडद्यावर तीन नंबरचा पंप बंद दिसला. इस्पितळासाठी त्यालाही साहेबांचा फोन येऊन गेला होता. त्यानं पंप चालू करायचा हुकूम दिला. काहीच झालं नाही, कारण नेटवर्क अडकलं होतं आणि पडदा गोठला होता. त्यानं पुन्हा दिला. मग हेडच्या लेकीला हाक मारली.

स्विचचे सगळे दिवे नारिंगी झालेले तिनं पाहिले. रीस्टार्ट करण्याआधी खाली विचारायचं, असा नियम होता. तिनं बाबांना फोन लावला. तो व्यस्त लागला. दुसऱ्यांदा लावला, तरी व्यस्त. साहेब पुन्हा हेडशी बोलत होते. मग सगळे जे करतात तेच तिनं केलं. स्विचची पिन काढली, दहापर्यंत आकडे मोजले आणि पिन परत लावली. एकेक दिवा हिरवा झाला, आणि वाटेत अडकून पडलेला हुकूम खाली पोचला.

हेडला आधी पॅनलमधून धाडकन आवाज ऐकू आला. मग शिट्टी वाजायची थांबली.

त्यानं धावत जाऊन बटण दाबलं. ते दाबताना त्याची नजर नॉबवर गेली. नॉब उजवीकडे होता. त्या सकाळी पॅनलच्या जवळ कोण होतं हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

शिट्टीला बाहेर काढलं तेव्हा त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे पडले होते. इस्पितळात पोचेपर्यंत त्याच्यात जीव उरला नव्हता.

चौकशीला तीन माणसांची समिती बसली. हेडच्या लेकीनं पहिल्याच दिवशी लिहून दिलं, मी न विचारता रीस्टार्ट केलं. हेडनं तिला त्या रात्री जेवताना सांगितलं, "तुझा काही दोष नाही. नॉब डावीकडे असता तर तू शंभर वेळा पिन काढली असतीस तरी काही झालं नसतं."

"मग तो डावीकडे का नव्हता, बाबा?"

"मी फिरवला नाही."

तिनं हातातला घास ताटात परत ठेवला. "हे तुम्ही समितीला सांगणार?"

"उद्याच सांगतो."

दुसऱ्या दिवशी समितीपुढे जाण्याआधी मोठ्या साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि बसायला खुर्ची दिली. साहेबांनी त्याला खुर्ची द्यायची ही पहिलीच वेळ होती.

"तुम्ही काय सांगणार आहात, मला कल्पना आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही सरळ माणूस आहात. पण जरा पुढचं बघा. तुम्ही नॉब फिरवला नाही, असं म्हणालात की प्रश्न येतो, मग सप्लाय सोडला कुणी. ऑपरेटर म्हणेल, मला चिठ्ठी मिळाली नाही. ते खरंही आहे. मग उरते तुमची मुलगी. तिनं तर लेखी दिलंय. पोलीस केस होईल. बाप आणि लेक, दोघंही."

हेड खुर्चीच्या कडेवर सरकून बसला.

"गेलेला माणूस तर परत येत नाही," साहेब म्हणाले. "नॉब तुम्ही त्याला फिरवायला सांगितलं होतं, एवढंच लिहा. तो विसरला. माणूस विसरतो. फाईल बंद होईल. मुलीचा कागद मी बाजूला ठेवतो."

कागद टाइप करून तयार होता. हेडनं तो दोनदा वाचला. त्यातल्या एका ओळीत शिट्टीचं पूर्ण नाव होतं. बावीस वर्षांत ते कुणी उच्चारल्याचं हेडला आठवेना. शेवटी सही करायची जागा होती. त्यानं सही केली. मग पेन साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

घरी त्यानं लेकीला सांगितलं, "मिटलं सगळं." कसं मिटलं ते तिनं विचारलं, तर त्यानं तोंड धुण्याचं निमित्त काढलं.

आठवड्यानं शिट्टीची बायको आली. बरोबर कुणी नव्हतं. पाण्याचा पेला तिनं हातात तसाच धरून ठेवला. लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"भाऊजी, मला ऑफिसातून पत्र आलंय," ती म्हणाली. "त्यात लिहिलंय, ह्यांची चूक होती. नॉब फिरवायचा विसरले म्हणे. घरात गॅस बंद केला का, हे रोज रात्री तीनदा उठून बघणारा माणूस तो. मी ते पत्र कुणाला दाखवलं नाही. म्हटलं, भाऊजी तिथं होते, त्यांनाच विचारावं. ते खरंच विसरले का?"

हेडनं मान खाली घातली होती. दारात लेक उभी आहे हे त्याला ठाऊक होतं. एक शब्द खरा बोलला तर तिच्या गळ्याशी येणार होतं, निदान त्याला तसं वाटत होतं.

"हो, वहिनी," तो म्हणाला. "गडबड होती. राहून गेलं त्याच्याकडून."

ती पेला खाली ठेवून उठली आणि जाताना म्हणाली, "तुम्ही स्वतःला दोष देऊ नका हं."

ती गेल्यावर लेक बाहेरच्या खोलीत आली. तिनं आवाज चढवला नाही. "मी लिहून दिलेला कागद कुठं आहे?"

"साहेबांकडे. तुझ्यासाठीच केलं मी ते."

"मी सांगितलं होतं?" ती म्हणाली. "बाबा, मी ते ओझं उचललं असतं. तुम्ही माझ्या नावानं काकांना चोर ठरवलंत. आता मी कुणाला तोंड दाखवू?"

महिन्याच्या आत तिनं नोकरी सोडली आणि दुसऱ्या गावी एका दुकानात हिशेबाचीही नव्हे, नुसत्या पावत्या फाडायची नोकरी धरली. नेटवर्कचं काम पुन्हा करणार नाही, एवढंच आईला म्हणाली. फोन करायची तोही आईलाच. हेड खोलीत असला की बायको फोन घेऊन ओट्याकडे जायची आणि बोलणं झाल्यावर सांगायची, "बरी आहे." त्यानं एकदा फोन मागून घेतला. पलीकडून लेक म्हणाली, "जेवलात का?" तो हो म्हणाला. मग ती म्हणाली, "आईला द्या."

पावसाळा संपता संपता एके दिवशी त्यानं कोऱ्या कागदावर स्वतःच्या हातानं सगळं लिहून काढलं. फोन आला तो, बटण दाबलं ते, नॉब राहिला तो. लेकीचं नाव त्यानं कुठंच येऊ दिलं नाही. कागद घेऊन तो साहेबांकडे गेला. मोठे साहेब बदलून गेले होते. नव्या साहेबांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं, दुसरं उलटून पाहिलं.

"ही फाईल वरून मंजूर होऊन बंद झालीय," ते म्हणाले. "आता हा कागद मी कुठं लावू?"

"लावा कुठंही. पण लावा."

"काका, तुमची निवृत्ती किती राहिली? आठ महिने? मग कशाला नसत्या भानगडीत पडता?" आणि त्यांनी कागद घडी घालून त्याच्याच हातात परत दिला.

तो तिथून तडक शिट्टीच्या घरी गेला. निदान वहिनींना तरी सांगावं, मग काय व्हायचं ते होवो, असं त्याच्या मनात होतं. दाराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, की त्या भावाकडे गेल्या, सामान टेम्पोत घालून, दोन महिने झाले. कुठल्या गावी ते तिला ठाऊक नव्हतं. "लांब कुठंतरी," ती म्हणाली. "जाताना म्हणत होत्या, इथं लोक विचारतात, आणि सांगायला लाज वाटते."

हेड पायरीवर थोडा वेळ टेकला. शेजारीण पाणी घेता का म्हणून विचारून आत गेली आणि पाणी आणलं तेव्हा तो उठून गल्लीच्या टोकाला पोचला होता. दोनला त्याची पाळी होती. पंपघरात त्या दिवशी एक नंबरच्या पंपाचं काम निघालं होतं आणि त्याचा नवा जोडीदार पॅनलजवळ त्याची वाट बघत उभा होता.