श्यामरावांच्या राज्यात उत्खनन

श्यामराव राजे झाले ते साठी उलटल्यावर. त्याआधीची सगळी हयात एसटीच्या गाडीत, दांडीला पाठ टेकवून तिकिटं फाडण्यात गेली होती. कंडक्टरकी संपवून ते सिहोऱ्याला घरी बसले. बांध घातलेल्या शेताच्या चार तुकड्यांत, चार बांध्यांत, धान होतं, पण धान घरी आल्यावर उन्हाळाभर माणसानं करावं काय? त्यांची एकुलती मुलगी रिता नोकरीसाठी नागपूरला गेली, तेव्हा जुना कॉम्प्युटर घरी ठेवून गेली आणि त्यात बापाच्या करमणुकीला एक गेम टाकून गेली. 'रिव्हर किंग्ज' त्याचं नाव. नदीकाठी एक गाव वसवायचं, शेती करायची, तलाव बांधायचे, शेजारच्या राजाशी सोयरीक नाहीतर लढाई करायची, आणि दगडाच्या हत्यारांपासून आगगाडीपर्यंत राज्य ओढत न्यायचं.

श्यामरावांनी ते असं ओढलं की विचारू नका. राजधानीचं नाव सिहोरा. पुढची शहरं बपेरा, चुल्हाड, हरदोली. म्हणजे त्यांच्या जुन्या रूटवरचे थांबेच. दर रविवारी इंटरनेटवरून बापलेकीची राज्यं समोरासमोर येत. रिताची राजधानी रितापूर. हिवाळ्यात श्यामरावांनी हत्ती नेऊन ती जाळली, तेव्हा पोरीनं आठवडाभर फोन केला तो फक्त आईलाच.

एप्रिलमध्ये गेमवाल्यांनी एक चित्र टाकलं. माती, एक कुदळ, एक कुंचा आणि अर्धं फुटकं मडकं. खाली एवढंच, की पुढच्या आवृत्तीत उत्खनन येणार. कसं येणार, ते नाही. झालं! जगभरचे खेळाडू तर्क लढवायला लागले. रिता त्यांची चर्चा वाचून फोनवर बापाला मराठीत सांगायची, आणि मग तिथंच दोघांची जुंपायची.

“बाबा, माझं म्हणणं असं, की आपणच जी शहरं जाळली तीच जमिनीखाली सापडतील. म्हणजे तुमच्या शेतात माझं रितापूर निघेल.”

“काही नाही निघत. कुदळ मारली का कॉम्प्युटर एखादा सोन्याचा हंडा देईन फुकटात. सरकारी योजनेसारखं.”

“आणि निघालंच तर? मडकी माझी, दागिने माझे. परत द्यावे लागतील.”

“कायले? जमीन माही, तर निघालेलं माहं. हारलेल्या राजाले दागिने रायते काय?”

फोन स्पीकरवर असायचा. रिताची आई सत्यवतीबाई तांदूळ निवडता निवडता ऐकत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

“अजी, जे अजून आलंच नाही त्याच्यावर काहून भांडून राहिले दोघं? नवरदेवाचा पत्ता नाही, आन तुमचा पंगतीत कोण कुठं बसन याच्यावर वाद!”

त्याच उन्हाळ्यात गावच्या तलावातला गाळ काढणं सुरू झालं. ज्याला पाहिजे त्यानं शेतात नेऊन टाकावा. श्यामरावांनी गावातल्या डोमाला त्याचा ट्रॅक्टर घेऊन यायला सांगितलं, आणि त्यानं काळ्या गाळाचे ढीग त्यांच्या मोठ्या बांधीत ओतले. सकाळच्या प्रहरी श्यामराव फावड्यानं ते पसरत होते. फावडं खट्ट वाजलं. वाकून पाहतात तर भाजलेल्या मातीचं गोल, तळहाताएवढं काहीतरी. मधोमध भोक, आणि कडेनं कुणीतरी नखानं दाबून काढलेली नक्षी. अंगठा त्या खुणांवर ठेवला तर अंगठ्यापेक्षा खुणा बारीक. बाईमाणसाच्या नखाच्या असाव्यात, की लेकराच्या?

 श्यामरावांनी धोतराला हात पुसले, ती वस्तू टॉवेलात गुंडाळली आणि घरून नायलॉनची दोरी आणि खुंट्या आणल्या. चित्रांत असतात तसे बांधीत चौकोन आखले. डोमा पुढची ट्रॉली घेऊन आला तर ट्रॅक्टरला जायला वाट नाही.

“काका, प्लॉट पाडून राहिले काय? कोणाले इकता?”

“उत्खनन हाये. ट्रॅक्टर बंद कर.”

“पण गाळ तं मीच आनून टाकला कालच्याले!”

श्यामरावांनी ते कानावर घेतलं नाही. दुपारपर्यंत बातमी गावभर गेली आणि श्यामरावांच्या सपरीत, ओसरीवर, माणसं जमली. वस्तू हातोहात फिरली. डोमा म्हणाला, मासे धरायच्या जाळ्याला लावायचं वजन. सत्यवतीबाईंच्या मते गाडग्यावरचं झाकण, भोक वाफेसाठी. शेजारच्या देवकाबाईंनी ते नाकाशी नेऊन वास घेतला आणि ठामपणे सांगितलं, “हे माह्या सासूचं हाये. ती तलावावर धुणं धुवाले जाये न, तवा पाय घासाले न्यायची. हरपलं म्हणून माह्यावर आळ घेतला होता बुढीनं!”

“पाय घासाले भोक कायले पायजे?” डोमानं विचारलं.

“दोरी बांधून खुंटीले अडकवाले. तुले काय समजते?”

श्यामराव मात्र ते चाक धरून मनातल्या मनात थेट एका राजाच्या रथाशी पोचले होते. रथ लहान होता हे खरं, पण राजाचा मुलगाही लहान असू शकतो.

रविवारी रिता आली ती मैत्रिणीला घेऊनच, आणि आपापले दावे घेऊन डोमा, देवकाबाईही पुन्हा सपरीत हजर झाले. मोना नागपूरला पुरातत्त्व शिकत होती, उन्हातान्हात खणून तिचा चेहरा रापलेला होता. तिनं वस्तू उजेडात धरली, कडेवरून बोट फिरवलं, आणि पहिला प्रश्न विचारला, “काका, हे निघालं कुठं?”

“बांधीत. पूर्वेकडून दुसऱ्या चौकोनात,” श्यामराव अभिमानानं म्हणाले.

“त्याच्या आधी?”

“आधी ट्रालीत होतं,” डोमा म्हणाला. “त्याच्या आधी जेसीबीच्या तोंडात. त्याच्या आधी तलावात कुठंतरी.”

मोनानं मान हलवली. “मग अवघड आहे. लहान मुलांच्या मातीच्या गाडीचं चाक असेल. कापड विणायच्या मागाचं वजनही असेल. खूप जुनं असेल, नाहीतर देवकाकाकूंच्या सासूबाईंचंही असेल. कोणत्या थरात होतं, शेजारी काय होतं, ते कळलं असतं तर काही सांगता आलं असतं. जागेवरून हललं, की अर्धी गोष्ट गेली.”

 रथ, राजा, राजपुत्र, सगळे एकदम खाली उतरले. मग श्यामराव हळूच म्हणाले, “म्हणजे पॅसेंजर गाडीत हाये, पण चढला कुठून तेच मालूम नाही. मंग तिकीट कुठून कुठवर फाडाचं?”

मोना इतकी हसली की तिच्या हातातला चहा सांडला. “काका, हे मी वर्गात सांगणार!”

“पण स्टॉप तं पायला पायजे,” श्यामराव उठले. “चाल डोमा, कुठून गाळ भरला ते दाखव.”

सगळी वरात तलावावर गेली. पाणी पार मधे आटलं होतं. डोमानं दाखवलेल्या कोपऱ्यात जेसीबीनं काठ उभा कापला होता, आणि त्या कापलेल्या मातीत, कंबरेएवढ्या उंचीवर, खापरांची एक तांबडी रेघ आडवी गेली होती. रोज कितीतरी लोक तिच्यासमोरून जात होते. एक मोठं खापर तर निम्मं बाहेर आलं होतं, आणि त्याच्या कडेला तशीच नखांची नक्षी.

श्यामरावांचा हात आपोआप पुढं गेला. बोटं खापराला लागली. जरा हलवलं असतं तर आलं असतं हातात. सगळे पाहत होते.  श्यामरावांनी हात मागं घेतला आणि पाठीशी बांधला.

“राहू दे. याचा स्टॉप आपल्याले मालूम हाये.”

मोनानं फोटो काढले, मापं घेतली, आपल्या सरांना कळवते म्हणाली. डोमानं ट्रॅक्टर फिरवून जेसीबीवाल्याला दुसऱ्या टोकाला पाठवलं. बांधीत सापडलेली वस्तू कुणाची यावर देवकाबाईंचा दावा कायम होता, म्हणून मोनानं ती अभ्यासाला नेताना त्यांची रीतसर परवानगी मागितली. देवकाबाईंनी खूष होऊन दिली, वर सासूचं नाव लिहून घ्यायला लावलं.

त्या संध्याकाळी बापलेक कॉम्प्युटरसमोर बसले. श्यामराव सांगत गेले, रिता खेळाडूंच्या त्या चर्चेत इंग्रजीत लिहीत गेली: जमिनीत काही सापडलं की खेळाडूला दोन रस्ते असावेत. बाहेर काढा, लगेच नाव मिळेल. किंवा जागेवरच राहू द्या, मग त्याची गोष्ट हळूहळू उलगडेल. तिकिटाचा दाखलाही घातला. दुसऱ्या दिवशी जगभरातून उत्तरं. ब्राझीलच्या एकानं म्हटलं, सिहोऱ्याच्या राजाला मानलं. दुसऱ्यानं लिहिलं, काहीही न करण्यात कसली मजा?

“याले एसटीत बसव एक डाव,” श्यामराव म्हणाले. “काहीही न करता मजा कशी येते ते समजन.”

पावसाळ्यात धानाची रोवणी संपत आली तेव्हा नवी आवृत्ती आली. रिताचा तर्क खरा ठरला, जाळलेली शहरंच खाली सापडत होती. आणि प्रत्येक वेळी समोर दोन बटणं येत होती: बाहेर काढा, जागेवर ठेवा.

“पाय! माहं आयकलं त्यायनं!” श्यामराव खुर्चीतून उठलेच.

“बाबा, शंभर जणांनी तेच सुचवलं असेल.”

“असन. पण स्टॉपचं कोण बोललं होतं?”

त्यांच्या कारागिरांनी खणलं आणि खाली निघालं रितापूर. राखेखाली विहीर, बाजार, देवळाची पायरी. श्यामरावांनी मोठ्या मनानं 'जागेवर ठेवा' दाबलं आणि सत्यवतीबाईंना हाक मारून ते औदार्य दाखवलं. ते चहा प्यायला गेले. परतले तोवर नागपूरहून फौज येऊन गेली होती. विहीर सोडून बाकी सगळं उचलून रितानं आपल्या संग्रहालयात नेलं होतं.

“चोरी!” श्यामराव फोनवर ओरडले.

“माझंच होतं न ते, बाबा.”

“हत्ती काढतो आता! पायतोच तुले!”

सत्यवतीबाईंनी शांतपणे फोन हातातून घेतला. “रिते, याच्यात तिसरं राज्य घेता येते काय?”

“येते न, आई. का बरं?”

“मले एक दे. तुया बाजूले, नदीच्या जवळ. आन धान कोण्या बटणानं रोवते, ते सांग आधी.”

श्यामराव हत्तीच्या बटणावर बोट ठेवून बायकोकडे पाहतच राहिले. तिनं त्यांना खुर्चीवरून उठायची खूण केली आणि ते उठले.