ड्रायव्हरची तारीफ

गुलाबी अळीनं कपाशीची बोंडं पोखरली, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. अकोल्याच्या बायपासवर, डाळमिलांकडे वळायच्या जरा अलीकडे ट्रकांचा अड्डा आहे. बाळापूरचे ताहेरभाई रोज सकाळी एसटीनं तिथं येऊन बसायचे. चाळीस वर्षं ज्या माणसानं गुवाहाटीपासून कोईम्बतूरपर्यंत तुरीची डाळ वाहिली, तो आता कंडक्टरकडून तिकीट फाडून येत होता, आणि त्यात लपवण्यासारखंही काही नव्हतं. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की चाचा, समोरचं तेवढं दिसेल, बाजूचं दिसणार नाही, स्टेअरिंगला आता हात लावायचा नाही. बाजूचं न दिसणाऱ्यानं दहा चाकी गाडी हाकली तर काय होतं, हे ताहेरभाईंना डॉक्टरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. ते मुकाट्यानं खाली उतरले.

आता तुम्ही म्हणाल, मग ठेवायचा एखादा ड्रायव्हर, त्यात काय एवढं. वऱ्हाडात काय पोरांचा तोटा आहे? पानठेल्यापानठेल्यावर उभी आहेत. उभी आहेत हो, मीही रोज पाहतो. पण ट्रकवर चढ म्हणा एखाद्याला. तोंड असं करतो जसं काही कडू कारलं कच्चं चावायला दिलं. ताहेरभाईंनी आठ महिने शोधला माणूस. एकजण म्हणाला, पुण्याले कंपनीत बारा तास उभा राहीन, पण ट्रक नको. एकजण चार वर्षांपासून तलाठ्याची परीक्षा देत होता, त्यात त्याला खंड पडू द्यायचा नव्हता. एक आला, चांगला हातीपायी धट्टाकट्टा होता, आणि रायपूरच्या अलीकडे एका ढाब्यावर गाडी लावून, लघवीला जातो सांगून, जो गेला तो रेल्वेनं घरी. डाळ सगळ्यांना पाहिजे, डाळ आणणारा कोणालाच व्हायचं नाही. आठ महिने गाडी अड्ड्यावर उभी राहिली. उभ्या गाडीचं सगळंच बसत जातं. टायर बसतात, बॅटरी बसते, आणि मालकही बसतो.

घरच्या पोराचं तर नावच काढू नका. मोईज लहानपणी पायदानावर चढला की ताहेरभाईच त्याला कानाला धरून उतरवायचे. शिक, नाही तर हेच करावं लागंल, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पोरगं बापाचं ऐकणारं निघालं. शिकलं, नागपूरला नोकरीला लागलं, आणि आता बापानं विचारलं तर कोणत्या तोंडानं विचारायचं?

अशात सागर आला. नांदगाव खंडेश्वरच्या शालिकरामचा पोरगा, सत्तावीस वर्षांचा. बाप भाजीपाला लावायचा, पोरगं ती भाजी छोट्या गाडीतून अमरावतीच्या मार्केटला नेता नेता मोठं लायसन काढून बसलं होतं. पहिल्याच दिवशी ताहेरभाई त्याच्या शेजारी बसले, पातूरच्या घाटापर्यंत जाऊन आले, आणि आल्यावर चहावाल्याला म्हणाले की या पोट्ट्याच्या पायात गेर हाय. ब्रेकवर नाही, गेरवर गाडी उतरवते. अड्ड्यावरच्या भाषेत याच्यापुढे बोलायला काही उरत नाही.

दीड वर्ष गाडी धावली. ताहेरभाई अड्ड्यावर बसून फोनवरून गाडीत असायचे. कुठी हाय? रायपूरचा फाटा सोडला का? उजव्या बाजूचा टायर पाह्यला का? बायको नसीमबानो घरी म्हणायच्या की मोईजला आठवड्यातून एक फोन आणि या पोराला दिवसातून पाच. त्यात खोटं काहीच नव्हतं. ताहेरभाईंना आता सागरच्या डोळ्यांनी रस्ता दिसत होता, आणि तो गेला तर सगळाच अंधार, हे ते कोणापाशी बोलत नसले तरी मनातून त्यांची त्याच एका भीतीनं गाळण उडायची.

आणि सागरचं लग्न जमत नव्हतं.

शेती आहे म्हटलं की पोरीकडचे अर्धे उठायचे. बोंडअळीच्या वर्षानंतर शेतीवाल्याला पोरगी द्यायची म्हणजे लोकांना जिवावर यायचं. उरलेले, पोरगा ट्रकवर आहे म्हटलं की चहा अर्धा ठेवून उठायचे. आई वच्छलाबाई तर पोराच्या माहितीच्या कागदावर 'ट्रान्सपोर्ट लाईनमध्ये' असं लिहायला लागल्या होत्या. सहा ठिकाणं मोडली. सातवं अकोटचं होतं. खुशालराव फुलं आणि भाजी पिकवून विकणारा माणूस, साधना त्याची धाकटी, नर्सिंग शिकलेली. तिनं सागरला पाहिलं, तिला तो आवडला. बापाच्या मनात काय होतं ते बापाला ठाऊक. तो म्हणाला, चौकशी करू अन् सांगू.

आता आपल्याकडे सोयरिकीची चौकशी कशी होते, ते काय सांगायचं. पोरीचा बाप आपण कोण ते सांगत नाही. सांगितलं तर लोक गोड बोलतात. म्हणून तो वाटसरूसारखा जातो, इकडचं तिकडचं बोलतो, आणि हळूच पोराचं नाव काढतो. आणि अड्ड्यावरही एक रीत आहे. नवीन मिलवाल्याला लांबचा माल द्यायचा असला की त्याचा माणूस आधी येऊन ड्रायव्हरची विचारपूस करून जातो. तोही आपण कोण ते सांगत नाही. दोन्ही रीती आपापल्या जागी ठीकच आहेत. एका दुपारी त्या एकमेकींवर आदळल्या.

पांढरा सदरा, खांद्याला पिशवी, असा एक माणूस बाकावर येऊन बसला. चहा मागवला. उन्हाबद्दल बोलला, रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोलला, आणि मग म्हणाला, त्या नांदगावच्या सागरची गाडी इथीच लागते का? कसा हाय पोट्टा?

ताहेरभाईंच्या डोक्यात लखकन आलं, मिलवाला. महिनाभरापासून एका नव्या डाळमिलचा गुवाहाटीचा माल निघणार असं कानावर होतं. ते सरसावून बसले. आपल्या पोराची तारीफ करायची संधी माणसाला रोज मिळते का? आणि सागर त्यांना पोरासारखाच होता, म्हणून त्यांनी हात आखडता घेतला नाही.

"असा पोट्टा तुमाले अकोला-अमरावतीत दुसरा भेटनार नाही," ते म्हणाले. "तीन-तीन रात्री डोळा लावत नाही. घरची ओढच नाही त्याले. दिवाळीले सगळे पळतात, हा पळत नाही. आजा मेला तवा गुवाहाटीले होता. दुसरा असता तं गाडी तिथीच सोडून आला असता. यानं आधी माल खाली केला, दुसरा भरला, अन् मंग रडला."

त्या माणसानं चहाचा ग्लास खाली ठेवला. खाण्यापिण्याचं कसं हाय, म्हणाला. ताहेरभाई म्हणाले, कायबी खाते, कुठीबी झोपते, टायरखाली चादर टाकली तरी चालते, दोन-दोन महिने गावाचं नाव काढत नाही. माणसानं मान डोलावली. चहाचे पैसे ताहेरभाईंना देऊ दिले नाहीत. उठला, हात जोडले, गेला.

संध्याकाळी ताहेरभाईंनी घरी सांगितलं की नवा माल पक्का समज. चार दिवसांनी शालिकरामचा फोन आला. भांडायला नव्हता आला तो, त्याचा आवाजच बसला होता. बावा, तुमी त्या अकोटवाल्याइले काय सांगतलं? थे म्हन्ते, पोट्ट्याले घरची ओढच नाही म्हून त्याचाच मालक सांगते.

ताहेरभाई खाटेवर बसले ते उठेचनात. नसीमबानोंनी सगळं ऐकून घेतलं आणि मग तोंडाचा पट्टा सोडला. कोणी सांगितलं होतं एवढं बोलायला? पोराचं वाटोळं केलं ना बसल्या बसल्या? जा अकोटला, आणि निस्तरून या. आणि ताहेरभाईंना पहिल्यांदा कळलं की ते जे जे बोलले त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. चांगल्या ड्रायव्हरची प्रत्येक गोष्ट सांगितली होती, आणि तीच ऐकून पोरीच्या बापानं हात जोडले होते. याचा राग धरायचा तरी कोणावर?

दुसऱ्या दिवशी ते अकोटच्या एसटीत बसले. रस्ताभर मनात जुळवाजुळव केली. म्हणू की सागरला आता लांबचा माल देणार नाही. अकोला ते नागपूर, फार तर औरंगाबाद. महिन्यातून दहा दिवस घरी. म्हणू की पोराला व्यसन नाही, सुपारी नाही. लग्नही होईल आणि गाडीही चालेल, दोन्ही साधता येईल, असं त्यांना बाजार स्टँडवर उतरेपर्यंत खरोखरच वाटत होतं.

खुशालरावांनी त्यांना ओळखलं, आत बसवलं, पाणी दिलं. अपमान केला असता तर ताहेरभाईंना सोपं गेलं असतं. अंगणात शेवंतीचे ढीग निवडायला पडले होते, साधना आईसोबत बसली होती, ती उठून आत गेली. ताहेरभाईंनी सगळं ओळीनं सांगितलं. नागपूर सांगितलं, दहा दिवस सांगितलं, सुपारी सांगितली. 

मग खुशालरावांनी विचारलं, "ताहेरभाई, तुमालेबी पोरगी हाय म्हन्तात. तुमी देली असती का ड्रायवरले?"

खोटं बोलता आलं असतं. यास्मीनला याच अकोटात दिली होती, मोबाइलच्या दुकानवाल्याला, तीन गल्ल्या पलीकडे. पण त्याच्या आधी हसनैन तिला मागायला आला होता. ट्रेलर चालवायचा, हाताला असा सफाईदार की ताहेरभाई स्वतः त्याच्या मागे गाडी लावून त्याचं वळण घेणं पाहत बसायचे. यास्मीनचं मन होतं. नसीमबानोंचीही हरकत नव्हती. नाही म्हणाले ते ताहेरभाई. नसीमबानोंनी जो जन्म दारात उभं राहून काढला तो पोरीनं काढू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं, आणि आजही त्यांना त्यात काही चुकलं असं वाटत नव्हतं. ही खरी अडचण होती.

"नाही देली," ते म्हणाले. "आला होता एक. माह्याहून चांगला चालवत होता. मीच नाही म्हटलं."

खुशालरावांनी जिंकल्यासारखं तोंड केलं नाही. उलट त्यांचाच चेहरा उतरला. त्यांनी सांगितलं की पोरगा त्यांना आवडलेला आहे, पोरगी हटून बसली आहे. अकोटला एका दवाखान्याच्या गाडीवर जागा आहे, दिवसपाळी, रोज घरी जेवायला यायचं. ती जागा ते मिळवून देतात. पण सागर हो म्हणत नाही. फोनवर विचारलं तर म्हणाला, मी ताहेरचाचाले शब्द देल्ला, दुसरा ड्रायवर भेटल्याशिवाय गाडी सोडनार नाही. थे सोड म्हनतील तं सोडतो.

शब्द दिला होता खरा. दिला म्हणजे काय, ताहेरभाईंनीच घेतला होता, पहिल्याच महिन्यात, रायपूरवाल्याची धास्ती मनात ठेवून. खुशालरावांनी मोबाइल पुढे केला. ताहेरभाई म्हणाले, माह्याजवळ हाय, आणि स्वतःचा काढला. नंबर शोधावा लागला नाही, सगळ्यात वर तोच होता.

आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या. साधना तिथंच उभी असणार. ताहेरभाईंना समोरची भिंत तेवढी दिसत होती, बाजूला काय आहे ते दिसत नव्हतं. फोन वाजत होता तेवढ्या वेळात त्यांच्या मनात काय काय येऊन गेलं. आठ महिने धूळ खात उभी असलेली गाडी आली. एक वर्ष थांब म्हणावं, असंही आलं. पोरगं थांबलं असतं, आणि तेच त्यांना सहन झालं नसतं.

सागरनं फोन उचलला. बंगालात रायगंजच्या पुढे होता, डाळ खाली करून चहापत्ती भरून परत निघालेला. ताहेरभाईंनी त्याला गाडी बाजूला घ्यायला लावली, इंजिन बंद झाल्याचं ऐकलं, आणि मग म्हणाले, "सागर, मी अकोटले बसलो हाय. खुशालरावाच्या घरी. तू आता ही शेवटची खेप कर. मी तुले सोडलं."

त्यांना वाटलं होतं पोरगं हटेल. म्हणेल, कावून चाचा, माह्यं काय चुकलं? गाडीवर त्याचा जीव आहे, हे तर ते अड्ड्यावर दहा जणांना सांगत आले होते. समजूत कशी घालायची तेही त्यांनी ठरवलं होतं.

"हाव चाचा," सागर म्हणाला. लगेच म्हणाला. आणि असा श्वास सोडला की तो अकोटपर्यंत ऐकू आला. दीड वर्षात या पोराचा इतका मोकळा आवाज ताहेरभाईंनी कधी ऐकला नव्हता. म्हणजे तो रोजच सुटायची वाट पाहत होता. फक्त शब्द दिला होता म्हणून चालवत होता.

खुशालरावांनी डोळे पुसले. आतून कोणीतरी साखर आणा म्हणालं. ताहेरभाई पोराला सांगत होते की आता घाई करू नको, सावकाश ये, घाटात गेरवर उतरव, आणि सागर हाव हाव म्हणत होता. मग सागरनंच विचारलं.

"चाचा, अकोल्याले आलो की चाबी कोनाले देऊ?"

 ताहेरभाईंना बाळापूरच्या गल्ल्या आठवल्या, अड्डा आठवला, आठ महिने ज्यांच्या दारात गेले ती सगळी दारं आठवली. खुशालरावांची बायको साखरेची वाटी घेऊन समोर येऊन उभी राहिली. पोरगं तिकडे थांबलं होतं आणि यांना एकही नाव सुचत नव्हतं.

"तू घेऊन तं ये," ते म्हणाले.